वचनातला एक शब्द: स्काउटिंगमध्ये देव आणि धर्म नेमके कुठे बसतात?

स्काउटचा दीक्षाविधी पाहिला असेल तर हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. दहा-अकरा वर्षांचं मूल पथकासमोर उभं आहे. उजवा हात वर, मधली तीन बोटं ताठ, करंगळीच्या नखावर अंगठा दाबलेला. गळ्यात स्कार्फ अजून पडलेला नाही, तो वचन म्हणून झाल्यावर. दोन आठवडे घोकलेलं वचन ते एका दमात म्हणून टाकतं, स्काउटमास्तर हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे करतात, टाळ्या होतात आणि पोरं खेळाकडे पळतात.

ती तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग. पहिलं देव आणि देश यांच्याबद्दलचं कर्तव्य, दुसरं इतरांना मदत, तिसरं स्काउटचे नियम पाळणं. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाबद्दल कुणाची तक्रार नसते. घोडं अडतं ते पहिल्या बोटापाशी. शंभरातलं एखादं मूल मध्येच थांबतं आणि विचारतं, "पण माझा देवावर विश्वास नाही, मग मी काय म्हणू?" या प्रश्नापायी काही देशांत लोक कोर्टात गेले आहेत आणि काही देशांनी वचनच बदलून टाकलं आहे.

मग स्काउटिंग ही धार्मिक चळवळ आहे का? नाही. तिला ठरावीक देव नाही, ग्रंथ नाही, पुरोहित नाही. तिचा धर्माशी काहीच संबंध नाही असं म्हणावं, तर तेही खरं नाही. धर्म तिच्यात तीन वाटांनी येतो: वचनाच्या शब्दांतून, पथक चालवणाऱ्या संस्थेतून आणि शिबिराच्या दिनक्रमातून. बातम्या होतात त्या पहिल्या वाटेच्या. मला विचाराल तर मुलाच्या वाट्याला धर्म किती आणि कसा येणार, हे मुख्यतः दुसऱ्या वाटेवर ठरतं. पण सुरुवात शब्दापासूनच करू, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

हा देव आला कुठून?

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. १९०८ मध्ये त्यांचं स्काउटिंगवरचं पुस्तक पाक्षिक भागांत निघालं आणि त्यातच पहिलं वचन होतं: देव आणि राजा यांच्याबद्दल माझं कर्तव्य करीन, काहीही किंमत पडली तरी इतरांना मदत करीन, स्काउटचे नियम पाळीन. त्या काळच्या इंग्लंडमध्ये देव आणि राजा हे शब्द एकत्र येणं इतकं नेहमीचं होतं की ते टाळले असते तरच लोकांच्या भुवया उंचावल्या असत्या.

बेडन-पॉवेल यांचं घरचं वळण मात्र जरा निराळं होतं. वडील चर्चचे धर्मोपदेशक आणि ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक. निसर्गाचे नियम मोडून चमत्कार घडतात हे त्यांना पटत नसे, आणि डार्विनच्या उत्क्रांतीच्या मांडणीचं त्यांनी उघड स्वागत केलं होतं. १८६० मध्ये ते वारले तेव्हा रॉबर्ट तीन वर्षांचा होता, म्हणजे वडिलांशी चर्चा वगैरे काही झालेली नसणार. पण धर्म पुस्तकात जितका, तितकाच रानातही सापडतो ही समजूत मुलाच्या लिखाणात पुढे जागोजागी दिसते. देवाला ओळखायचं तर निसर्ग पाहा आणि देवाची सेवा करायची तर शेजाऱ्याला मदत करा, एवढंच त्यांचं धर्मशास्त्र. ते पातळ आहे म्हणून त्यांच्या हयातीतच धर्मगुरूंनी नाकं मुरडली. तरी देवाला न मानणारा माणूस फारसा कामाचा नाही, असंही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे आज दोन्ही बाजूंना त्यांचा दाखला देता येतो, आणि त्या तो देतातही.

१९२६ मध्ये त्यांना या विषयावर सविस्तर बोलावं लागलं. सांगणं असं होतं की स्काउटिंगला धर्माची वेगळी शाखा जोडायची गरज नाही, कारण सगळी चळवळच त्यावर उभी आहे. हे वाक्य ऐकायला छान आहे. पण त्यातून व्यवहारात काय करायचं, हे अजिबात कळत नाही. माझ्या मते पुढच्या निम्म्या वादांचं मूळ या गोड संदिग्धतेत आहे.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बेडन-पॉवेल यांच्या मूळ नियमांत धर्म कुठेच नव्हता. १९०८ मध्ये नऊ नियम होते: विश्वासपात्र, निष्ठावान, उपयोगी, सर्वांचा मित्र, प्राण्यांचा मित्र वगैरे. १९११ मध्ये विचार-उच्चार-आचाराच्या शुद्धतेचा दहावा नियम आला. त्याच वर्षी अमेरिकेने आपली यादी बारावर नेली आणि त्यात 'स्काउट श्रद्धाळू असतो' हा बारावा नियम घातला. ही अमेरिकन भर होती, आणि पुढे सर्वांत कडाक्याची भांडणं अमेरिकेतच झाली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

घटनेत काय लिहिलंय

आज स्काउट चळवळीच्या जागतिक संघटनेत १७० हून अधिक राष्ट्रीय संघटना आहेत आणि सदस्यसंख्या पाच कोटींच्या वर आहे. मुलींच्या गाइड चळवळीची जागतिक संघटना वेगळी, ती १९२८ पासूनची. स्काउटांच्या जागतिक घटनेत तीन तत्त्वं आहेत: देवाबद्दलचं कर्तव्य, इतरांबद्दलचं कर्तव्य, स्वतःबद्दलचं कर्तव्य. सदस्य व्हायचं तर ही तिन्ही मान्य हवीत.

यातलं पहिलं तत्त्व उघडून पाहण्यासारखं आहे. त्याची व्याख्या साधारण अशी: आध्यात्मिक तत्त्वांना धरून राहणं, ती तत्त्वं व्यक्त करणाऱ्या धर्माशी इमान राखणं आणि त्यातून येणारी कर्तव्यं स्वीकारणं. पुन्हा वाचा. शीर्षकात देव आहे, मजकुरात नाही. ही चूक नाही. जागतिक संघटनेने आपल्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मजकुरातून तो शब्द जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. एकच देव न मानणारे हिंदूसारखे धर्म आणि ईश्वर ही व्यक्ती आहे असं न मानणारा बौद्ध धर्म, हे दोन्ही आत यावेत म्हणून. पाटीवर एक शब्द आणि दार त्याहून रुंद, असा हा मामला.

तरी दार सगळ्यांना पुरेल इतकं रुंद नाही. बौद्ध आत येतो, कारण तो धर्माचा आहे. कुठल्याच धर्माचा नसलेला, पण सचोटीने वागणारा माणूस? 'धर्माशी इमान' हे शब्द त्याला अडवतात. आध्यात्मिक तत्त्वं एवढाच भाग असता तर त्याला बसायला जागा झाली असती. ग्यानबाची मेख आहे ती इथे, आणि ती देव या शब्दात नाही.

एक शब्द, अनेक रूपं

प्रत्येक देशाने आपापल्या भाषेत यावर तोड काढली. थायलंडमध्ये राजा वजिरावुध यांनी १९११ मध्येच स्काउटिंग सुरू केलं. तिथलं वचन राष्ट्र, धर्म आणि राजा यांच्या निष्ठेचं आहे, देव त्यात नाहीच. बौद्धबहुल देशाला तेच सोयीचं. जपानमध्ये छापील वचनात 'कामी' म्हणजे देव हा शब्द आहे आणि लगेच कंसात बुद्धासाठीचा शब्द. कागदावर दोन्ही शेजारी सुखाने राहतात. म्हणताना मात्र कंस उच्चारता येत नाही, मुलाला दोहोंपैकी एक निवडावाच लागतो.

इंडोनेशियाचं उदाहरण मराठी वाचकाला गंमतीचं वाटेल. जगातली सर्वांत मोठी स्काउट संघटना तिथली, देश मुस्लिमबहुल. त्यांच्या नियमांना ते म्हणतात 'दासा दारमा' आणि वचनाला 'त्रिसत्या'. दशधर्म आणि त्रिसत्य! दहातला पहिला धर्म म्हणजे एकमेव परमेश्वरावरची भक्ती.

चेक संघटना युनाक, स्थापना १९१२. तिच्या वचनात स्काउट 'सर्वोच्च सत्य आणि प्रेम' यांची सेवा करायचं कबूल करतो. श्रद्धाळू मुलाला शेवटी 'यात देव मला साहाय्य करो' असं जोडता येतं, ज्याला नको त्याने नाही जोडायचं. मला हा तोडगा सर्वांत सुबक वाटतो. मूळ वाक्य सगळ्यांचं एकच राहतं आणि कुणाला आपली श्रद्धा वा अश्रद्धा जाहीर करत वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

भारतात आधी अडसर आला तो धर्माचा नव्हे, वंशाचा. सुरुवातीची पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची, भारतीय मुलांना दार बंद. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी उत्तरेत सेवा समितीच्या नावाने वेगळ्या संघटना काढल्या. आजची भारत स्काउट्स अँड गाइड्स ७ नोव्हेंबर १९५० ची. तिच्या वचनात ईश्वर आहे, पण खाली टीप आहे: वाटल्यास ईश्वराऐवजी 'धर्म' म्हणावं. प्रार्थना 'परमात्म्या'ला उद्देशून आहे, कोणत्याही पंथाच्या देवाचं नाव तिच्यात नाही.

धर्म हा पर्याय आपल्याला किती सहज पचतो, हे पाहण्यासारखं आहे. मराठीत धर्म म्हणजे पंथही आणि कर्तव्यही. शेजारधर्म, पुत्रधर्म, क्षात्रधर्म म्हणताना देवळाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. 'मी माझा धर्म पाळीन' हे नास्तिक मराठी माणूससुद्धा न अडखळता म्हणेल. इंग्रजीत अशी दुपदरी सोय नाही, तिथे देव म्हणजे देवच. महात्मा फुल्यांनी ईश्वर टाळून 'निर्मिक' हा शब्द वापरला, तोही अशाच कारणासाठी: जुन्या शब्दाला चिकटलेलं पौरोहित्याचं ओझं नको होतं. पण सोय झाली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. पुष्कळदा तो फक्त झाकला जातो. मूल कोणत्या अर्थाने धर्म म्हणतंय, हे त्याला कोणी विचारत नाही.

शपथ खोटी घ्यायची, की खरं बोलून बाहेर राहायचं?

"एक शब्द म्हणून टाकला तर काय बिघडतं?" हा व्यवहारी सल्ला आईवडील नेहमी देतात. बिघडतं, कारण वचनाची सुरुवातच 'माझ्या इभ्रतीला स्मरून' अशा अर्थाच्या शब्दांनी होते आणि स्काउटचा पहिला नियम म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता आला पाहिजे. जे मानत नाही ते मानतो म्हणून वचन घेतलं, तर पहिला नियम त्याच क्षणी मोडला. म्हणजे देव न मानणारं प्रामाणिक मूल बाहेर राहतं आणि देव न मानणारं, पण बेधडक खोटं बोलणारं आत येतं. अशी चाळणी कुणालाच नको असते. वचन बदलावं म्हणणाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा हाच.

ब्रिटनमध्ये याला उत्तर म्हणून २०१३ मध्ये दोन वेगळ्या वाटा निघाल्या, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. मुलींच्या गाइड संघटनेने सप्टेंबरपासून सर्वांसाठी वचनच बदललं. 'माझ्या देवावर प्रेम करीन' हे गेलं, त्या जागी 'स्वतःशी प्रामाणिक राहीन आणि माझ्या श्रद्धा घडवीन' अशा अर्थाचे शब्द आले. ऑस्ट्रेलियातल्या गाइड्सनी आदल्याच वर्षी असेच शब्द स्वीकारले होते. स्काउट संघटनेने जुनं वचन ठेवलं आणि देव न मानणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०१४ पासून आणखी एक दिलं. त्यात देवाबद्दलच्या कर्तव्याच्या जागी 'आमची स्काउट मूल्यं जपीन' असं आहे.

गाइड्सच्या पद्धतीत कुणी वेगळी पडत नाही. पण ज्या मुलीला देवाचं नाव घ्यायचंच होतं, तिच्या तोंडचा घास गेला. काही पथकांनी तर आम्ही जुनंच वचन चालवणार असं जाहीरही केलं. स्काउट पद्धतीत प्रत्येकाला आपापलं वाक्य मिळतं, पण आठ वर्षांच्या पोराला चारचौघांत सांगावं लागतं की मी या गटातला. त्या वयात स्वतःचा असा विश्वास किती असतो? बहुतेक वेळा तो घरचाच असतो, मुलाने उचललेला. म्हणून मी गाइड्सच्या बाजूला थोडा जास्त झुकतो, पण पूर्ण समाधान तिथेही नाही.

वचनात पर्याय देणं हे काही आभाळ कोसळण्यासारखं नव्हतं. ब्रिटनमध्ये मुस्लिम मुलं अल्लाहचं नाव घेत, हिंदू मुलांना 'माझा धर्म' म्हणता येई. राजाच्या बाबतीत तर सवलत त्याहून ढळढळीत: परदेशी नागरिक असलेलं मूल राजाऐवजी 'मी सध्या राहतो त्या देशाबद्दलचं कर्तव्य' म्हणू शकत होतं. राजा वगळायची मुभा होती, आणि देव वगळायचा म्हटल्यावर शतक लागलं.

अमेरिकेने मात्र ही दोरी ताणूनच धरली. देवाप्रति बांधिलकी मान्य केल्याशिवाय कुणी उत्तम नागरिक बनू शकत नाही, असं तिथल्या संघटनेचं धार्मिक तत्त्वांचं निवेदन सांगतं, आणि सदस्यत्वासाठी ते मान्य करावं लागतं. देव मानत नाही म्हणून लहान मुलांना प्रवेश नाकारला गेला, पालक कोर्टात गेले. १९९३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करू नये हा कायदा हॉटेल-थिएटरसारख्या जागांना लागू होतो. ही संघटना म्हणजे तशी जागा नव्हे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुळ्या भावांच्या प्रकरणात तोच कौल दिला: ही व्यापारी आस्थापना नाही, सदस्य निवडायचा हक्क तिचा. २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पाच विरुद्ध चार असा निकाल समलैंगिक पथकनायकाबद्दलचा होता, पण तत्त्व तेच. खाजगी संघटना आपल्या संदेशाशी विसंगत वाटणाऱ्याला दूर ठेवू शकते.

२००२ मधलं वॉशिंग्टन राज्यातलं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. ईगल स्काउट हा तिथला सर्वोच्च दर्जा. तो मिळवलेल्या १९ वर्षांच्या एका तरुणाने आपण नास्तिक असल्याचं सांगितलं. संघटनेने त्याला आठवड्याची मुदत दिली: परमशक्ती मान्य असल्याचं सांग, नाहीतर जा. त्याने सांगितलं नाही, तो गेला. म्हणजे इतकी वर्षं तो उत्तम स्काउट होता यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

याच संघटनेत बौद्ध मुलांना प्रवेश आहे, त्यांच्यासाठी खास धार्मिक पदकसुद्धा आहे. सृष्टीकर्ता ईश्वर बौद्धही मानत नाहीत. मग कसोटी देवावरच्या विश्वासाची उरली कुठे? ती उरली मान्यताप्राप्त धर्मसंस्थेचं असण्याची. आणि तीही कडक: १९९८ मध्ये युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी पंथाच्या पदकाची मान्यता काढून घेतली गेली, कारण पदकाच्या पुस्तिकेत स्काउट संघटनेच्या धोरणांवर टीका होती.

पथक कुणाचं?

आता दुसरी वाट. अमेरिकेत स्काउट संघटना स्वतः पथक चालवत नाही. ती परवाना देते, पथक काढते ती स्थानिक संस्था: चर्च, शाळा-पालकांचा गट, सेवाभावी क्लब. सभागृह तिचं, पथकनायकाची निवड तिची. २०१० नंतरच्या काळात अशी सुमारे ७० टक्के पथकं धर्मसंस्थांच्या छत्राखाली होती. हा आकडा समजला की बाकीचं बरंच कोडं उलगडतं. ज्याच्या तळघरात पथक भरतं, त्याला नाराज करणं कुठल्याही संघटनेला परवडत नाही.

सर्वांत मोठा आश्रयदाता होता मॉर्मन पंथ. १९१३ पासून त्यांनी स्काउटिंगला आपल्या किशोरवयीन मुलांचा अधिकृत कार्यक्रमच करून टाकलं. त्या चर्चमधला मुलगा ठरावीक वयाचा झाला की आपोआप स्काउट. पुढे राष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये समलैंगिक मुलांना, २०१५ मध्ये समलैंगिक पथकनायकांना आणि मग मुलींनाही दार उघडलं. मॉर्मन चर्चने २०१८ मध्ये काडीमोड जाहीर केला, आणि तो २०१९ च्या शेवटी अमलात आला. बाहेर पडताना कारण दिलं ते आपल्या जगभरच्या मुलांसाठी एकच कार्यक्रम हवा असल्याचं. चार लाखांहून जास्त मुलं, म्हणजे एकूण सदस्यांचा जवळपास पाचवा हिस्सा, एका तारखेला उठून गेला. वचनातला देव तेव्हाही जागच्या जागी होता. तो काही या पडझडीच्या आड आला नाही.

फ्रान्सने मुळातच निराळा संसार मांडला. १९११ मध्ये तिथे धर्मनिरपेक्ष स्काउट निघाले, त्याच सुमारास प्रॉटेस्टंट. कॅथलिक वर्तुळात या इंग्रजी खेळाबद्दल संशय होता. झाक सेव्हँ या जेझुइट धर्मगुरूने १९१३ मध्ये इंग्लंडला जाऊन बेडन-पॉवेल यांची भेट घेतली, आणि १९२० मध्ये कॅथलिक संघटना उभी राहिली. स्काउटांचं त्रिदली चिन्ह त्यांनी सरळ क्रूसावर बसवलं. १९२३ मध्ये रोबेर गामझों या किशोरवयीन मुलाने ज्यू स्काउट काढले, १९९० च्या सुमारास मुस्लिम स्काउट आले. घर एकच, चुली वेगळ्या.

वेगळ्या चुलींवर टीका करणं सोपं आहे. मुलांनी एकमेकांत मिसळावं हा चळवळीचा हेतू, आणि इथे शाळेतले मित्र शनिवारी चार दिशांना जातात. पण दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ज्यू स्काउटांच्या या जाळ्याने बनावट कागदपत्रं केली, मुलांना शेतांवर आणि वसतिगृहांत लपवलं, काहींना सीमेपार पोहोचवलं. एकमेकांना आधीपासून ओळखणारी, विश्वासाची माणसं होती, म्हणून ते जमलं. आयर्लंडने उलटा रस्ता धरला. तिथे कॅथलिक संघटना आणि दुसरी संघटना अशा दोन होत्या, त्या २००४ मध्ये एक झाल्या. एकत्र येताना वचनात देवाऐवजी 'आध्यात्मिक वास्तवाची समज आणि स्वीकार वाढवीन' अशा अर्थाचा पर्यायही ठेवला गेला. शब्द जडजंबाल आहेत, दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसत नाहीत. समितीने लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

शिबिरात

तिसऱ्या वाटेवर तत्त्वज्ञान फारसं नसतं, वेळापत्रक असतं. २०११ ची जागतिक जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काउटांचा महामेळावा, स्वीडनमधल्या रिंकाबी इथे भरली, सुमारे ४० हजार मुलं. मेळाव्याच्या मध्यावरच, १ ऑगस्टला, रमजान सुरू झाला. त्या अक्षांशावर ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य मावळतो रात्री नऊच्या पुढे. दिवसभर उन्हात चालायचं, दोरखंड बांधायचे, आणि पाण्याचा थेंब नाही. प्रवासात असलेल्याला रोजे नंतर धरायची मुभा इस्लाममध्ये आहे, काहींना ती घ्यायची असते, काहींना नसते. ज्यांना नसते त्यांचं जेवण पहाटे आणि रात्री कोण शिजवणार, दुपारचे खेळ किती दमवणारे ठेवायचे, हे प्रश्न संघनायकापर्यंत येतात. शेजारच्या तंबूत कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांनुसारचं जेवण हवं असतं, पलीकडे कुणी मांस खात नाही, कुणाच्या डोक्यावर टोपीऐवजी पगडी किंवा हिजाब आहे. धर्माची खरी ओळख मुलांना होते ती इथे, पातेल्याभोवती.

शिबिरातल्या सामूहिक प्रार्थनेला इंग्रजीत स्काउटांचं 'आपलं' असं म्हणतात, आणि नावातच तिचा हेतू आहे: मुलांनी स्वतः मांडलेली, धर्मगुरूने चालवलेली नव्हे. बेडन-पॉवेल यांचं स्पष्ट म्हणणं होतं की ही ज्याच्या त्याच्या नेहमीच्या उपासनेला पूरक आहे, तिची जागा घेणारी नाही. आपल्याकडची सर्वधर्म प्रार्थना याच कुळातली. चांगली झाली तर ती पंधरा मिनिटांत आटोपते, एखादा उतारा, एखादं गाणं, थोडी शांतता. बिघडते ती दोन प्रकारे. एक तर बहुसंख्यांची प्रार्थना तासभर आणि बाकीच्यांची तोंडी लावायला प्रत्येकी एक श्लोक. नाहीतर कुणालाच काही लागू नये म्हणून इतकी गुळगुळीत केलेली की पोरं चुळबुळत मुंग्या मोजत बसतात.

पालकांना पथक निवडायचं असेल, तर माझा सल्ला असा की वचनाचे शब्द शेवटी विचारा. आधी विचारा, पथक कुठे भरतं, जागा कुणाची, पथकनायक कोण नेमतं आणि प्रार्थना कोण ठरवतं. मग विचारा की एखाद्या मुलाला प्रार्थनेत बसायचं नसेल तर ते त्या वेळात काय करतं. "तसं कधी कुणी म्हणालंच नाही" हे उत्तर आलं तर कान टवकारा. कुणीच म्हणालं नाही याचा अर्थ सगळ्यांना पटलं असा होतोच असं नाही.

पथकनायकांच्या बाजूने काम एवढंच: दीक्षेच्या आधी प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं एकट्याने बसायचं, वचनातला एकेक शब्द त्याला कसा कळलाय ते विचारायचं आणि ज्या संघटनेत पर्यायी शब्द आहेत तिथे ते सगळे समोर ठेवायचे. शिबिराच्या आधीच्या बैठकीत जेवणाच्या आणि उपासनेच्या वेळा घरच्यांना विचारून लिहून घ्यायच्या. रविवारी सकाळी सात वाजता, निम्मं पथक ध्वजासमोर उभं असताना आणि एक मूल तंबूच्या दारात अडखळलेलं असताना हे ठरवायला बसलं, तर त्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळलेल्या असतात.